वळायच्या आधी

कोटाची कॉलर उलटून घ्यायला म्हणून मी धोंडीबा शिंप्याकडे गेलो आणि भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेली चिठ्ठी वाचली. वाचायची काही गरज नव्हती. दुसऱ्याचे कागद वाचायची खोड मला कलेक्टर कचेरीतल्या दहा वर्षांनी लावली आहे. चिठ्ठीवर एकाखाली एक नऊ आकडे होते आणि खाली हिरव्या कापडाचा तागा पडला होता, म्हणजे हे आमच्याच संघाचं काम. ठाण्यात हिरव्या बंड्या घालून हुतुतू खेळतो तो फक्त आमचा वज्रबाहू संघ. आकडे छातीचे होते. सगळ्यात वरचा चाळीस हा तानाजी, आमचा कप्तान. अडतीस मी. आणि सगळ्यात खाली बत्तीस. बत्तीस इंच छातीचा आमच्यात एकच, कोलशेतचा पंढरी. गेल्या वर्षी तो कुणाची तरी जुनी बंडी खोचून खोचून घालायचा, यंदा त्याचं माप घेतलेलं दिसत होतं. ठीक आहे, घ्यावं. पण माझ्या अडतीसभोवती पेन्सिलीने एक गोल होता. "हा गोल कसला रे, धोंडीबा?" मी विचारलं. त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत. तशाच दातांतून म्हणाला, "ती थांबवायची हाय. मास्तर म्हणाले, बाकीच्या कापून घे, अडतीसचं मागनं सांगतो. कापड वाया जायला नको." "आणि बत्तीस?" "ती तर पहिली शिवली," असं म्हणून त्याने मान वळवली. दाराच्या चौकटीला खुंटीवर ती लटकली होती, इस्त्री केलेली, हिरवीगार, एखाद्या शाळकरी मुलाची असावी एवढी. मी कोट तसाच काखेत मारून बाहेर पडलो. कॉलरचं बोलणं राहूनच गेलं.

माझी छाती अडतीस आहे असं मी बारा वर्षं सांगत आलो आहे. बेचाळीस साली ती होतीही. तीन वर्षांपूर्वी विषमज्वरात पंचेचाळीस दिवस पडून उठलो, त्यानंतर कधी माप द्यायला उभाच राहिलो नाही. "लिही अडतीस," म्हणायचं आणि सैल बंडी चड्डीत खोचायची. तळ्यामागून मैदानावरून घरी जाताना हे सगळं डोक्यात येत होतं आणि मला राग येत होता तो संघाची नावं ठरवणाऱ्या मास्तरांचा नव्हे, चिठ्ठीचा नव्हे, त्या खुंटीवरच्या इवल्या बंडीचा. पावसाळाभर मैदान बंद होतं. गवत घोट्यापर्यंत वाढलं होतं, मधली रेघ कुठे होती तेसुद्धा सांगता आलं नसतं. मला आलं असतं. त्या मैदानाची माती आम्ही चाळलेली, त्यावर शेण मी सारवलेलं. आणि आता गवताखालच्या त्या रेघेवरून कुणी जायचं हे माझ्या पाठीमागे एका शिंप्याला कळवलं जातं. अंगाची लाही लाही झाली म्हणतात ती काय असते ते मला त्या पाच मिनिटांच्या रस्त्यात समजलं.

आणि गंमत अशी की पंढरीला आणला मीच. आमच्या जिल्ह्यात तेव्हा एक रीत होती. शिमग्याच्या सामन्यांनंतर गावोगावची नवी पोरं संघांत घ्यायची, आणि त्यावरून डोकी फुटू नयेत म्हणून ठरलेलं होतं की वर्षाच्या शेवटच्या सामन्यात जो हरला त्याने आधी मागायचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही कल्याणच्या उदयभानू संघाकडून सडकून हरलो, तेव्हा पहिली मागणी आमची होती. कल्याणकरांना वाटत होतं आम्ही खडवलीचा रघु मागणार. बैलासारखा पोरगा, सगळ्यांच्या डोळ्यांत भरलेला. तेव्हा मीच मास्तरांच्या कानाला लागलो, "रघु राहू द्या. कोलशेतचा पंढरी भोईर मागा." पंढरी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मिठागरांच्या आकारणीचे कागद घेऊन मी सायकलवरून कोलशेतला गेलो होतो आणि तिथे खाडीच्या बांधावर आठ-दहा पोरं उन्हात खेळत होती. त्यातला एक काटकुळा, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, चढाईला गेला आणि परतच येईना. हुतुतूतुतू, नुसतं चाललेलं. समोरचे थकले, बसले, एकाने बिडी काढली. मी सायकल बांधाला टेकवून उभा राहिलो. माझ्या छातीत मात्र तेव्हा आनंदच झाला, हे मला अजून आठवतं. इतका निखळ आनंद की मी चपला काढून चिखलात उतरलो आणि त्याला म्हणालो, "अरे, दम आहे तुझ्यात, पण वळताना खांदा पाडतोस. खांदा पडला की समोरच्याला कळतं." तो हसला. म्हणाला, "कसा वलाचा मग, दादा?" मी त्याला वळून दाखवलं. त्या दिवशी त्याच्या बापाने, धाकूने, मला मिठाच्या राशीवर गोणपाट टाकून बसवलं आणि ताडगोळे खायला दिले.

तो आनंद नेमका कधी नासला ते सांगता येणार नाही. दूध नासतं तेव्हा भांड्याजवळ कोण उभं असतं? पहिल्या वर्षी लोक म्हणायचे, त्र्यंबकरावांनी हिरा शोधला. मला बरं वाटायचं. मग म्हणायला लागले, त्र्यंबकरावांचा पंढरी. तेही चाललं. मग एका सामन्यात मी चढाईला निघालो असताना दोरीपलीकडून कुणी तरी ओरडलं, "पंढरीला जाऊ द्या!" आवाज ओळखीचा होता. तो आवाज पूर्वी माझं नाव घ्यायचा.

घरी आलो तर कलावती ओसरीवर खडेमीठ निवडत बसली होती. दर महिन्याला पंढरीची आई, आवडाबाई, त्याच्याबरोबर आमच्या घरी पानात बांधून मीठ पाठवायची, कधी वर कोळंबीचा वाटा. "पंढरी येऊन गेला," कलावती म्हणाली. "बसला नाही. रव्याचे लाडू दिले चार त्याच्याबरोबर. गुणी आहे हो पोर, वर मान करून बोलत नाही." मी विचारलं, "माझ्यासाठी ठेवलेस का लाडू?" तिने माझ्याकडे पाहिलं. "डब्यात आहेत की. असं काय विचारता?" मी म्हटलं, काही नाही. मी डबा उघडून मोजले. सात होते. मोजले, ही गोष्ट लिहितानाही लाज वाटते, पण मोजले. एकतीस वर्षांचा, वाढत्या पगाराचा, सरकारी नोकरीतला माणूस स्वयंपाकघरात उभा राहून एका मिठागराच्या पोराला बायकोने किती लाडू दिले ते मोजत होता. "पारड्याने जोखून घ्या," बाहेरून कलावती म्हणाली. तिला सगळं ऐकू जातं.

तिला एक मात्र ऐकू गेलं नव्हतं, कुणालाच गेलं नव्हतं, अशी माझी समजूत होती. हुतुतूत दम एकच. रेघ ओलांडताना जो श्वास घेतला तोच परत येईपर्यंत पुरवायचा; मध्ये दुसरा घेतला तर बाद. नियमाने बाद तर आहेच, पण आमच्यात दम चोरणारा म्हणजे देवळातल्या चपला चोरणारा. आणि मी चोरत होतो. विषमज्वरानंतरच्या पहिल्या चढाईत मधल्या रेघेपासून चार हातांवर माझ्या छातीत काही उरलं नाही. समोर कोपऱ्यातला गडी हात पसरून आलेला, मागे नऊ वर्षांचं नाव. मी वळलो आणि वळता वळता नाकाने एक घोट घेतला. एवढासा. तोंडातलं तुतू थांबलं नाही. पंचाला कळलं नाही. मी परत आलो, टाळ्या झाल्या, आणि मी ठरवलं की पुन्हा नाही. पुढच्या सामन्यात दोनदा घेतला. हळूहळू त्याची सवय झाली, जशी चष्म्याची होते. आणि त्याच दिवसांत तो बत्तीस इंची पोरगा सरावात मिनिट मिनिट एका दमात फिरायचा आणि वर हसायचा. त्याला कष्ट पडायचे नाहीत, हे मला सोसायचं नाही. मी चोरून आणत होतो ते त्याच्या घरी पाण्यासारखं वाहत होतं. हेवा म्हणजे दुसरं काय? हेवा, असूया, मत्सर, जे काय शब्द असतील ते सगळे मला लागू होते.

गणपती बुडाल्यावर पहिल्या रविवारी दुपारी मारुतीच्या देवळात बैठक झाली. श्रीपाद मास्तर, आमचे चिटणीस, शाळेत कवायत शिकवायचे. त्यांनी नेहमीप्रमाणे खांबाला पाठ टेकली आणि घडीचा कागद उलगडला. आम्ही नऊजण सतरंजीवर बसलो होतो. मास्तर म्हणाले, "येत्या पंधरवड्यात जिल्ह्याकडे नावं जायची आहेत. पकडीला आपल्याकडे माणूस नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कल्याणचा गुणाजी द्यायला ते तयार आहेत." सगळ्यांनी माना हलवल्या. गुणाजीने घोटा धरला की सुटत नसे. "मोबदल्यात त्यांना चढाईचा गडी हवा. त्यांनी पंढरी मागितला होता. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, त्र्यंबक दिलात तरी चालेल." मास्तर सरळ माणूस, आडपडदा ठाऊक नाही. दिलात तरी चालेल. हे शब्द माझ्याकडे न बघता उच्चारून त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "दोघांतला एक जाणार. मी दोन आठवडे विचार करतोय. तुम्ही बोला."

पंढरी दाराशी, सतरंजीच्या कडेला बसून फरशीवर टेकवलेलं आपलं बोट बघत होता. मला कल्याणचं मैदान दिसलं, किल्ल्याच्या अंगाचं, तिथली अनोळखी पोरं, "हे ठाण्याहून आलेत" म्हणून ओळख करून दिलेला मी, आणि दोन सामन्यांनंतर त्यांनाही उमगलेलं की दिलात तरी चालेल म्हणजे काय. आणि इथे, माझ्या शेणाने सारवलेल्या मातीवर, तो. तानाजी खाकरून म्हणाला, "मास्तर, त्र्यंबक आपला जुना माणूस आहे, पण खेळाचं बघायचं तर..." त्याचं वाक्य पुरं झालं असतं तर बरं झालं असतं. मी मध्येच बोललो. "पंढरी दम चोरतो," मी म्हणालो.

माझा आवाज मला अगदी शांत ऐकू आला. कचेरीत एखाद्या अर्जावर त्रुटी काढतो तसा. पंढरीने मान वर केली. तो रागावला असता, ओरडला असता, तर मला सोपं गेलं असतं. तो फक्त बघत राहिला. "कधी?" मास्तर म्हणाले. "वळताना. नाकाने. मी सरावात पाहिलंय." माझंच पाप मी नावगाव बदलून सांगत होतो, त्यामुळे तपशिलाला कमी नव्हती. "खोटं वाटत असेल तर कापूस धरा," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो ते सांगायला हवं. कापूस धरणं ही आमच्या वस्तादांनी घातलेली रीत. कुणी कुणावर दम चोरल्याचं बोट ठेवलं तर वातीचा कापूस पिंजून त्याचा धागा नाकपुड्यांसमोर धरायचा आणि त्याला पाऊण मिनिट एका दमात हुतुतू म्हणायला लावायचं. दम चोरला तर धागा आत ओढला जातो. वारा लागू नये म्हणून धरणाऱ्याने दुसऱ्या हाताची ओंजळ आड करायची, म्हणजे धागा धरणाऱ्यालाच दिसतो, त्याचा शब्द शेवटचा. मी हे एकदाच पाहिलं होतं, बेचाळीस साली, संघात येऊन महिना झाला असताना. मला कापूस आणायला पिटाळलं होतं. तेवढ्यात त्यांनी देवातलीच वात काढून सुरुवात केली होती, आणि मी पिशवी घेऊन धावत परत आलो तेव्हा बोट ठेवणारा कापूस धरून उभा होता आणि दुसरा घामाघूम होऊन तुतू करत होता. तेवढंच मी पाहिलं, आणि बारा वर्षं माझी समजूत की एवढंच असतं. म्हणजे कापूस मी धरणार. बघणार मी, आणि सांगणारही मी. बस्स, एवढाच हिशेब मनाशी झाला होता.

मास्तरांनी समईतली कोरडी वात उचलली, पिंजली आणि धागा पंढरीच्या हातात दिला. मी म्हणालो, "इकडे द्या." मास्तर म्हणाले, "आधी तू. ज्याने बोट ठेवलं त्याने आधी स्वतःचा दम दाखवायचा, आणि ज्याच्यावर ठेवलं त्याने कापूस धरायचा. वस्तादांची रीत विसरलास?" मी विसरलो नव्हतो, मला ती कधी ठाऊकच नव्हती. पण हे तेव्हा बोलून दाखवणं म्हणजे सगळंच बोलून दाखवणं झालं असतं. मी उठलो. पंढरी उठून माझ्यासमोर आला, माझ्याहून टीचभर उंच, अंगाला मिठागराच्या उन्हाचा आणि खाडीचा वास. त्याने उजव्या चिमटीत धागा धरला, डाव्या हाताची ओंजळ आड केली. त्याच्या बोटांना मिठाने चिरा पडल्या होत्या. तानाजी म्हणाला, "चल," मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, आणि मी छातीत मावेल तेवढा श्वास भरून सुरू केलं.

पहिली पंधरा सेकंदं ठीक गेली. मी मारुतीच्या पायांकडे बघत होतो. वीस. मग छातीच्या तळाशी ती ओळखीची पोकळी जाणवायला लागली, रांजण कलंडून शेवटचं पाणी काढताना तांब्या खरवडतो तशी. पंचवीस असतील. माझं तुतू बारीक झालं. मला कलावती दिसली, आजारात उशाशी बसून चमच्याने पेज भरवणारी. मी मनाशी म्हणालो, थांब, बोलून टाक, सांग की नाही जमत. तीस. मला वाटलं मी थांबलोच. पण नाक थांबलं नाही. ते आपण होऊन ओढून मोकळं झालं, आणि मी खाली पाहिलं तेव्हा तो पांढरा धागा माझ्या नाकपुडीच्या आत गेला होता आणि परत बाहेर येत होता. पंढरीचे डोळे धाग्यावर होते. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत पुढची सेकंदं म्हणत राहिलो, आणि अजून एकदा घेतला. मास्तरांनी हात खाली केला. "काय रे?" त्यांनी विचारलं. पंढरीने धागा सरळ केला, फुंकर मारली. "नाय हालला," तो म्हणाला.

त्याला आश्चर्य वाटलं नव्हतं. माझ्या कानशिलांत घण बसत होते आणि मला तेवढीच एक गोष्ट स्वच्छ कळली. त्याच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. दोन वर्षं सरावात तो माझ्यासमोर उभा राहत होता, तीन हातांवर, त्याला केव्हाचं माहीत होतं. माहीत असून तो दर महिन्याला मीठ घेऊन येत होता, दादा म्हणत होता, बायकोचे लाडू नेत होता. त्याने धागा माझ्या हातात दिला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. तानाजी म्हणाला, "चल." तो म्हणू लागला. कसलाही आटापिटा नाही, ओढ्याला पाणी असावं तसं. धागा माझ्या चिमटीतून सरळ खाली लोंबत होता. दहा, वीस, तीस. मी ओंजळ आणखी जवळ नेली. चाळीस. धागा हलला नाही, त्याचं टोकसुद्धा नाही. आता बोलायचं ते सोपं होतं. त्याने मला वाचवलं होतं, मी नुसतं खरं बोललो असतो तरी दोघेही निर्दोष ठरलो असतो, आणि मग मास्तरांनी जे काय ते ठरवलं असतं. मला हे सगळं दिसत होतं. आणि मला हेही दिसत होतं की मास्तर कुणाला ठेवणार. मास्तरांनी हात खाली केला. पंढरीने तरीही थांबवलं नाही, आणखी पाच-सहा तुतू जास्त म्हणाला आणि मग थांबला, सहज, जणू त्याला संपवायला नको होतं. ते जास्तीचे पाच-सहा तुतू. तेवढ्याने माझा निकाल लागला. "हालला," मी म्हणालो.

"परत धरा," तानाजी म्हणाला. मास्तर म्हणाले, "कापूस दोनदा धरत नाहीत." ते पंढरीकडे वळले, "तुझं काय म्हणणं आहे?" आता तो बोलेल असं मला वाटलं. बोलावं असंही वाटलं, देवाशपथ वाटलं. त्याने एकदा माझ्या हातातल्या धाग्याकडे पाहिलं. "हालला आसंल," तो म्हणाला. "दादा खोटा कनाला बोलतील?" आणि चपला घालून पायऱ्या उतरला. त्या संध्याकाळी मास्तरांनी कल्याणला पत्र लिहिलं, पंढरी धाकू भोईर यास पाठवण्यास आमच्या संघाची हरकत नाही. चोरीबद्दल त्यात एक अक्षर घातलं नाही, ही मास्तरांची भलाई. पत्र सुवाच्य अक्षरात हवं म्हणून त्यांनी ते मलाच उतरून काढायला दिलं. मी उतरून काढलं.

दसऱ्याला बंड्या आल्या. माझी हातात घेतली तर दोन्ही काखांखाली जोड दिसला. धोंडीबा म्हणाला, "कापड पुरलं नाय ना. मग ती बत्तीसची उसवली न तिच्या पट्ट्या घातल्या तुमच्यात. दिसायची नाय लांबनं." कलावतीने बंडीचे जोड बोटाने चाचपून पाहिले. मीठ संपलं होतं. ती बाजारातून आणायला लागली. एकदा वाढताना म्हणाली, "पंढरी हल्ली येत नाही. काय झालं तुमच्यात?" मी म्हटलं, कल्याणला गेला तो, तिकडे चांगली संधी आहे. "तुम्हीच पाठवलात?" मी म्हटलं, संघाने पाठवलं. तिने माझ्या ताटात आमटी वाढली आणि डाव जरा जोरात पातेल्यात सोडला.

मार्गशीर्षात आमचा सामना कल्याणला पडला. गुणाजी आमच्या बाजूने, पंढरी त्यांच्या. तांबड्या बंडीत तो जास्तच काळा आणि जास्तच काटकुळा दिसत होता. लोक त्याचं नाव घेत होते. कल्याणच्या लोकांनी तीन महिन्यांत त्याला आपला करून टाकला होता, आणि मला, त्याला ज्याने हाकलला त्या मला, त्याचाही हेवा वाटला. मला वाटायचं तो गेला की हे जाईल. ते काही गेलं नाही, उलट आता त्याला कल्याणपर्यंतची वाट झाली. माझी तिसरी चढाई. कोपऱ्यात पंढरी हात पसरून उभा. पंच पलीकडच्या रेघेवर. मी एकाला हात लावला, वळलो, आणि चार हातांवर छाती रिकामी झाली. घेतला. पंढरी माझ्यापासून हातभर होता. आमच्यात गड्यालाही दाद मागता येते, हात वर करून "दम!" म्हणायचं, पंचाला लक्ष द्यावंच लागतं. मी तुतू म्हणता म्हणता त्याच्या हाताकडे बघत होतो. कर वर, मी मनात म्हणत होतो. कर, मेल्या, वर कर. मला इथेच बाद कर, सगळ्यांसमोर, म्हणजे आपली फिटंफाट होईल. त्याचा हात घोट्याच्या पकडीसाठी खाली गेला, मी उडी मारली, रेघ ओलांडली. टाळ्या झाल्या. आम्ही एका गुणाने जिंकलो. मास्तरांनी माझ्या काखेखाली बरगडीवर थाप मारली, नेमकी जोडावर.

सामन्यानंतर मी हौदावर पाय धूत होतो. तो मागून आला. हातात पानाची पुडी होती, वर सुतळी बांधलेली. "आयनं दिलाय मीट," तो म्हणाला. "वहिनींला द्या. मना येवाला नाय जमला, कामावर लागलोय हितं." मी पुडी घेतली. जड होती, नेहमीसारखी ओलसर. मला काही तरी बोलायचं होतं. क्षमा हा शब्द माझ्या तोंडात कधी बसलेला नाही, मी म्हणालो, "बरा खेळलास." तो हसला, कोलशेतच्या बांधावर हसला होता तसाच. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तो जरा वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, वलताना नका घेऊ. तुमचा खांदा पडते, समोरच्याला कलते. तुमीच सांगितलेला ना मना? वलाच्या आदी घ्या. मंग कोनाला नाय कलाचा."

त्याच्या आवाजात कसलंही विष नव्हतं. मी शोधलं, खूप शोधलं. घरी येईपर्यंत तो प्रत्येक शब्द मी उलटून पाहिला आणि मला त्यात वाकडं काही सापडलं नाही. कलावतीने पुडी सोडून मीठ बरणीत भरलं आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलली. "आला होता का पंढरी? बरा आहे ना?" मी म्हटलं, बरा आहे.

पुढच्या रविवारी आमच्याच मैदानावर सामना होता. मी वळायच्या आधी घेतला. कुणाला काही कळलं नाही.